अमृत कोकम ते मेतकूट : घरच्या बरणीचं शास्त्र

सरबताची बाटली घरी आणली की आधी ती फिरवून मागची बारीक अक्षरं वाचावीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पहिले दोन-तीन शब्द वाचले तरी बरंच कळतं. साखर, पाणी आणि त्यानंतर फळाचा रस, असाच क्रम बहुधा दिसतो. यात फसवणूक काही नाही. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळाचा रस असला की नियम पाळला जातो. थेट पिण्याच्या पेयाला तर साधारण १० टक्के पुरतो. पुढे आकडे येतात. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट आणि लाल सरबत असेल तर कधीकधी १२२, म्हणजे कार्मोइसिन हा कृत्रिम रंग. कारखान्याला ती बाटली कुठल्याशा गावातल्या दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने टिकवायची असते आणि प्रत्येक बाटलीचा रंग, चव एकसारखी ठेवायची असते. घरच्या बरणीवर ही सक्ती नाही. घरी फळ हवं तेवढं घालता येतं, आणि माझ्या मते घरी सरबत करायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

कोकमाचंच घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. पाऊस लवकर आला की पिकलेली फळं सडून जातात, म्हणून कोकणातल्या घरांत मे अखेर नुसती धांदल असते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जातही दिली आहे. हल्ली पुण्या-मुंबईच्या बाजारातही हंगामात ताजे रातांबे मिळतात, आणि मिळाले की सोडू नयेत.

अमृत कोकम करताना फळं धुऊन फडक्याने अगदी कोरडी पुसायची. मधोमध चिरून बिया आणि त्यांच्याभोवतीचा पांढरट गर वेगळा काढायचा. उरलेल्या सालींच्या वाट्या साखरेने भरायच्या आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत एकावर एक रचायच्या. एक किलो सालींना दोन किलो साखर हा अंदाज धरावा. दुसऱ्याच दिवशी तळाशी गडद जांभळट लाल रस दिसू लागतो, कारण साखर सालीतलं पाणी बाहेर ओढून घेते. बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधून आठवडाभर ऊन दाखवायचं आणि रोज कोरड्या डावाने तळापासून ढवळायचं. ढवळण्याचा कंटाळा करू नये. साखर तळाशी बसून राहिली तर वरचा रस पातळच राहतो आणि आंबतो. फेस आला, वास पालटला की ओळखावं. साखर पूर्ण विरघळली की रस गाळून त्यात थोडं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची. पिताना एका भागाला पाच भाग पाणी.

सालींऐवजी बियांभोवतीच्या गराला मीठ चोळून ठेवलं की आगळ सुटतं. सोलकढीला लागतं ते हेच. नारळाच्या दुधात आगळ, ठेचलेला लसूण आणि मिरची, बस्स. आगळ खारट असतं, म्हणून मीठ चाखूनच घालायचं. त्याच रसात साली पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवल्या की आमसुलं होतात. बियाही टाकत नाहीत. त्यांतून निघणारं कोकमतेल साध्या हवेत घट्ट राहतं आणि फुटलेल्या टाचांना लावतात. एका फळातून घरात चार वस्तू येतात, आणि बाटली विकत घेणाऱ्याच्या हाती त्यांतली एकच लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं बेंझोएटशिवाय टिकतं कसं? साखर साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेली की जंतूंना वाढायला लागणारं पाणीच मोकळं राहत नाही. आगळात तेच काम मीठ करतं. कोकमाचा मूळचा आंबटपणा मदतीला असतोच. भांडं मात्र काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं हवं. तांब्या-पितळेला आणि ॲल्युमिनियमला आंबट चालत नाही. तयार सरबत अंधारात ठेवावं, नाहीतर उजेडाने आणि उष्णतेने तो सुंदर रंग हळूहळू तपकिरी होतो. घरचं आहे म्हणजे पथ्याचं आहे, हा समजही काढून टाकावा. साखर साखरच असते. मधुमेह असणाऱ्यांनी आमसुलं भिजवून, मिठाचा हात आखडता ठेवून त्यांचं पाणी प्यावं.

पन्ह्याबद्दल फार सांगायला नको. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ आणि वेलची एकत्र करून फ्रीजरमध्ये ठेवली तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पन्हं पावसाळ्यातही पिता येतं.

कोरड्या जिनसांत माझा जीव मेतकुटात अडकलेला आहे. विकतच्या मेतकुटात वाईट काही नसतं, पण ते दळून किती दिवस झालेत ते कळत नाही, आणि मेतकुटाचा खरा गुण त्याच्या वासात आहे. एक वाटी हरभरा डाळ, अर्धी अर्धी वाटी उडीद डाळ आणि तांदूळ, पाव पाव वाटी गहू आणि मूगडाळ. जोडीला धने, जिरे, मोहरी, सुक्या मिरच्या आणि चमचाभर मेथी. हे सगळं वेगवेगळंच भाजायचं. हरभरा डाळीला वेळ लागतो, तांदूळ लवकर फुलतात आणि मेथी क्षणभर जास्त राहिली तर कडवट होते. एकदम कढईत घातलं की काही कच्चं आणि काही करपलेलं, असं होणारच. सगळं पूर्ण गार झाल्यावर हळद, हिंग, सुंठ घालून दळायचं. गरम असताना दळलं तर वाफ धरते आणि पिठाच्या गाठी होतात. दोन महिने पुरेल एवढंच करावं. मऊ भात, त्यावर कढवलेलं तूप आणि ताजं मेतकूट यापलीकडे आजारातून उठलेल्या माणसाला काही लागत नाही.

एका बाबतीत मात्र कारखान्यावरच विसंबावं. मटार, मका, मशरूम यांसारख्या बिनआंबट भाज्या घरी उकळून हवाबंद बाटल्यांत भरू नयेत. आम्लता कमी आणि हवा नाही, अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू घातक विष तयार करतो. त्याच्या बीजाणूंना मारायला १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ लागते. नुसत्या उकळीने ते मरत नाहीत. कच्चा लसूण तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे ओट्यावर ठेवणंही याच कारणासाठी टाळावं. आंबट, खारट, गोड आणि कोरडं, एवढंच घरी साठवावं.

कोकमासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबायला नको. दिवाळीचा फराळ संपता संपता मंडईत आवळे येतात. सुरुवात त्यांच्यापासून करा. मोठे, डाग नसलेले आवळे स्टीलच्या किसणीवर किसून पिळून घ्या. लोखंडी किसणीने रस काळा पडतो. एक वाटी रसाला दोन वाट्या साखर, चमचाभर आल्याचा रस आणि चिमूटभर मीठ घाला. गॅसवर ठेवू नका, उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं. साखर विरघळायला एक-दोन दिवस लागतील, तोवर येता-जाता ढवळत राहा. मग कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि बाटलीवर तारीख लिहायला विसरू नका.