तेलाचा भाव आणि निलंग्याचा हिशेब

जगाच्या बाजारात खनिज तेल चढले की त्याची वार्ता लातूर जिल्ह्यातील निलंग्याच्या शिवारात वर्तमानपत्रापूर्वी ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडून पोहोचते. कारण नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी यांचे एकरी दर आणि सुगीतील मळणीयंत्राचा कट्ट्यामागचा दर हे सारे डिझेलच्या भावाशी बांधलेले असून, डिझेल उतरले तरी चढलेला दर सहसा उतरत नाही. गावाला रेल्वे नसल्यामुळे खत, सिमेंट, किराणा सारे रस्त्यानेच येते आणि मालमोटारीचे भाडे प्रत्येक जिनसेत मिसळते.

कर्नाटकाच्या सरहद्दीचा प्रकार आणखी विलक्षण. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने डिझेलवरील अबकारी कर लिटरमागे 10 रुपयांनी उतरवला, कर्नाटकाने स्वतःच्या करात आणखी 7 रुपयांची सूट दिली, महाराष्ट्राने मात्र तेव्हा दिली नाही. बिदरकडे जाणाऱ्याने टाकी पलीकडे भरली तर नवल ते काय!

शिवाय येथे दुसरेही तेल आहे, सोयाबीनचे. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीनने क्विंटलला 10,000 रुपये ओलांडले, परंतु तोवर बहुतेकांचा माल विकून झाला होता. आणि ऑगस्टमध्ये सरकारने 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिल्यावर, नवे पीक आडतीवर येईतो भाव जवळजवळ निम्म्यावर आला. पुढील एप्रिलात इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली, तेव्हा ‘निलंगा राईस’ या इथल्या फोडणीच्या भाताच्या गाड्यावरील फोडणीही महागली. दिवाळीत ज्याने सोयाबीन पडत्या भावाने घातले होते, त्यानेच लग्नसराईत सोयातेलाचा डबा चढ्या भावाने उचलला.