उधाणानंतरचा किनारा

१० नोव्हेंबर २०२२च्या पहाटे ‘निकोल’ हे चक्रीवादळ अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हेरो बीच गावाच्या जवळ येऊन धडकलं. लाटांनी वाळूच्या टेकड्या कापून काढल्या, किनाऱ्यालगतच्या बांधकामांच्या पायाखालची वाळू ओढून नेली. अशा वादळानंतर त्या भागात नुकसानीचे पंचनामे सुरू होतात, आणि ओहोटीची वेळ साधून आणखीही काही माणसं किनाऱ्यावर उतरतात. कानाला हेडफोन, कमरेला पिशवी, एका हातात लांब दांड्याचं भोकांचं फावडं आणि दुसऱ्या हातात मेटल डिटेक्टर. नव्यानं उघड्या पडलेल्या वाळूवरून ते डिटेक्टरची गोल तबकडी संथपणे फिरवत जातात.

या किनाऱ्याला ‘ट्रेझर कोस्ट’, म्हणजे खजिन्याचा किनारा, हे नाव पडलं त्यामागे एक जुनं वादळ आहे. जुलै १७१५मध्ये स्पेनचा मोठा ताफा अमेरिकेतल्या वसाहतींमधलं सोनं-चांदी घेऊन क्यूबातल्या हवानाहून मायदेशी निघाला. ३० आणि ३१ जुलैच्या दरम्यान चक्रीवादळानं त्याला गाठलं. बारा जहाजांपैकी अकरा बुडाली. ताफ्यासोबत निघालेलं फ्रेंच जहाज ‘ग्रिफॉन’ तेवढं वाचलं. सुमारे हजार माणसं दगावली. जे किनाऱ्याला लागले त्यांनी वाळूतच तळ ठोकला. पुढे स्पॅनिशांनी पाणबुडे लावून बराचसा माल वर काढला, हेन्री जेनिंग्ज या चाच्यानं त्या तळावर दरोडाही घातला, आणि मग दोन शतकांहून अधिक काळ हे सगळं विस्मरणात गेलं.

ते पुन्हा उजेडात आणलं किप वॅग्नर या बांधकाम ठेकेदारानं. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सेबॅस्टियन गावाजवळ राहत होता. वादळानंतर किनाऱ्यावर काळपट, वेड्यावाकड्या आकाराची चांदीची नाणी सापडतात हे त्याच्या लक्षात आलं. नाण्यांवर जिथं साल वाचता येई, तिथं १७१५नंतरचं एकही साल नव्हतं. ताफा तिथून बराच दक्षिणेला बुडाला असं जाणकारांचं मत होतं. पण वॅग्नरचे मित्र डॉ. केल्सो यांनी ग्रंथालयं धुंडाळून बर्नार्ड रोमान्स याचं १७७५मधलं फ्लोरिडाविषयीचं पुस्तक शोधून काढलं, आणि त्यात या बुडालेल्या ताफ्याची जागा सेबॅस्टियनच्या आसपास सांगितलेली निघाली. मग वॅग्नरनं लष्करानं मोडीत काढलेला एक सुरुंगशोधक पंधरा डॉलरला विकत घेतला आणि वाळूच्या टेकड्यांमागे फिरायला सुरुवात केली. जहाजाचे खिळे, तोफगोळे, चिनी मातीचे तुकडे आणि हिरा जडवलेली सोन्याची एक अंगठी मिळाली. वाचलेल्या खलाशांचा तळ तो हाच. वॅग्नर आणि त्याच्या सोबत्यांनी ‘रिअल एट’ ही कंपनी काढली. १९६४मध्ये मेल फिशर आणि त्याच्या सहकाऱ्यांना फोर्ट पिअर्सजवळ समुद्रतळाशी हजारांहून अधिक सोन्याची नाणी दिसली. जानेवारी १९६५मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’नं वॅग्नरचा वृत्तांत छापला आणि हा किनारा जगाला माहीत झाला.

यंत्राची किंमत पंधरा डॉलर. त्याआधीची मेहनत होती ती किनारा पाहण्याची, तारखा जुळवण्याची आणि जुनी पुस्तकं चाळण्याची. या छंदात पडणाऱ्यानं हा क्रम लक्षात ठेवावा, कारण बहुतेक जण नेमकं उलट करतात: आधी महागडं यंत्र घेतात आणि मग जिथं गाडी लावायला जागा मिळेल तिथं वाळू उकरतात.

यंत्राचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. जुलै १८८१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात रुतून बसली, आणि ती शोधण्यासाठी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल वीजप्रवाहावर चालणारं उपकरण घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी उपकरणाचा गोंधळ उडवला असं नंतर सांगितलं गेलं. गेऱ्हार्ड फिशर या अभियंत्याला विमानांच्या रेडिओ दिशादर्शकांवर काम करताना दिसलं की आसपास धातू असला की दिशा चुकते. त्यातून त्याचा ‘मेटॅलोस्कोप’ तयार झाला आणि १९३७मध्ये त्याला पेटंट मिळालं. आणि स्कॉटलंडमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सैन्यातला युझेफ कोसात्स्की हा अधिकारी! जर्मनांच्या भीतीनं ब्रिटिशांनी आपल्याच किनाऱ्यांवर सुरुंग पेरले होते आणि तिथं गस्त घालणारे पोलिश सैनिक त्यांना बळी पडत होते. कोसात्स्कीनं एका माणसाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक बनवला आणि पेटंट न घेता तो ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. ऑक्टोबर १९४२मध्ये अल अलामेनच्या लढाईत असे पाचशे शोधक वापरले गेले. आज किनाऱ्यावर अंगठी शोधणाऱ्याच्या हातातलं यंत्र त्याच घराण्यातलं आहे.

तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट दिशेनं वाहणारा प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात नाणं आलं की नाण्याच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र निर्माण होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. नाण्याकडून येणारा हा प्रतिसाद मूळ लहरीच्या किंचित मागे असतो. किती मागे, हे चांदी, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम यांच्यात वेगवेगळं असतं. त्यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं आणि उंच किंवा खर्ज आवाज काढतं.

बागेत किंवा शेतात हे ठीक चालतं. समुद्रावर अडचण येते ती मिठाची. खारं पाणी विजेचं वाहक असल्यानं ओली वाळू स्वतःच धातूसारखी वागते आणि एकाच कंप्रतेवर चालणारं स्वस्त यंत्र ओल्या पट्ट्यात शिरताच उगाच किरकिरायला लागतं. त्यात काळी वाळू असली तर आणखी पंचाईत. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या खनिजांची जी काळी वाळू दिसते, तसली वाळूही यंत्राला चकवते. यावर दोन उपाय निघाले. एक पल्स इंडक्शनचा: यंत्र सेकंदाला शेकडो झटके सोडतं आणि प्रत्येक झटक्यानंतरचा प्रतिसाद किती हळू विझतो ते पाहतं. मिठाचा प्रतिसाद चटकन विझतो, धातूचा रेंगाळतो. अशी यंत्रं खोलवर शोधतात, पण खिळा कोणता आणि नाणं कोणतं ते नीट सांगत नाहीत, त्यामुळे सगळंच खणावं लागतं. दुसरा उपाय एकाच वेळी अनेक कंप्रता वापरण्याचा. ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅब कंपनीनं हे तंत्र लोकप्रिय केलं आणि २०१८च्या सुमारास आलेल्या ‘इक्विनॉक्स’ मालिकेमुळे ते हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. समुद्रावरच जायचं असेल तर पहिलंच यंत्र अनेक कंप्रतांचं आणि पाण्यात बुडलं तरी चालेल असं घ्यावं. कोरड्या वाळूपुरतं साधं यंत्रही पुरतं, पण ओल्या पट्ट्याची ओढ लागल्याशिवाय राहत नाही.

सोन्याच्या बाबतीत नवख्या माणसाची हमखास फसगत होते. थंड पेयांच्या डब्यांची अ‍ॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात. कचऱ्याला कंटाळून कुणी यंत्राला अ‍ॅल्युमिनियमकडे दुर्लक्ष करायला सांगितलं, तर ते सोन्याकडेही तितकंच मुकाट्यानं दुर्लक्ष करतं. म्हणून जुने लोक किनाऱ्यावर गाळण्या बंद ठेवतात आणि डबे, बुचं, चांदीचा वर्ख वाटावा असे कागद, गंजके गळ असं सगळं बाहेर काढतात. हे सगळं पिशवीत भरून नेणं हा शिष्टाचार आहे. गळ हातात घुसतो, तेव्हा वाळूत बोटं खुपसण्याआधी फावडं वापरावं.

आता किनारा. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक शिकवावा लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप वर चढतं आणि खूप आतही जातं. एरवी पाण्याखाली राहणारा पट्टा त्या दिवसांत तास-दोन तास उघडा पडतो. ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी पोहोचून पाण्याच्या मागोमाग उतरत जायचं आणि पाणी वळलं की त्याच्या पुढे राहून परतायचं, ही चाल सगळीकडे उपयोगी पडते.

वस्तू पडतात त्याही ठरावीक जागी. कोरड्या वाळूत जिथं लोक चादरी अंथरून बसतात तिथं सुटी नाणी, चाव्या, कानातली. अंगठ्या मात्र बहुतेक पाण्यात निसटतात, कारण थंड पाण्यात बोटं आकसतात आणि अंगाला लावलेल्या क्रीमनं ती निसरडी झालेली असतात. शांत हवेत लाटा वाळू आणून टाकतात, वर नवी वाळू चढत राहते आणि वजनदार वस्तू तबकडीच्या पोहोचेपलीकडे जातात; नाण्याएवढ्या वस्तूसाठी ही पोहोच वीत-दीड वीत समजावी. उलट वादळी लाटा वाळू ओढून नेतात. किनाऱ्यावर कमरेएवढा सरळ कडा कापलेला दिसला, त्याच्या पायथ्याशी शिंपल्यांचा खच, गोटे किंवा कडक थर उघडा पडला, तर तिथं थांबावं. हलकी वाळू निघून गेलेली असते आणि जड ते एकत्र जमलेलं असतं. एक शिशाचं वजन सापडलं तर आसपास आणखी पाहावं, कारण समुद्र सारख्या वजनाच्या वस्तू जवळजवळ आणून ठेवतो. २००४च्या सप्टेंबरात ‘फ्रान्सिस’ आणि ‘जीन’ ही दोन चक्रीवादळं तीन आठवड्यांच्या अंतरानं ट्रेझर कोस्टवर जवळपास एकाच जागी आली, आणि वर्षानुवर्षं दबलेली वाळू मोकळी झाली.

प्रत्यक्ष चालताना घाई करू नये. तबकडी वाळूला समांतर, जेमतेम वर. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढणारा. यंत्र किरकिरत असेल तर संवेदनशीलता कमी करावी. शांत यंत्र कमी खोलवर पोहोचलं, तरी खरं सांगतं. आवाज आला की नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवावं. दोन्ही बाजूंनी तोच आवाज आला तर खणावं. फावडं भरून काढल्यावर खड्डा पुन्हा तपासायचा आणि मग तो बुजवायचा. उघडा खड्डा पहाटे धावणाऱ्याचा घोटा मोडतो आणि कासवाची पिल्लंही त्यात अडकतात. सेबॅस्टियनजवळचा किनारा लॉगरहेड कासवांच्या विणीसाठी जगभर महत्त्वाचा मानला जातो. तिथला हंगाम मार्च ते ऑक्टोबर. आपल्याकडे वेळासला ऑलिव्ह रिडलेची घरटी जपली जातात. अशा किनाऱ्यांवर विणीच्या दिवसांत खणायला जाऊच नये. घरी परतल्यावर यंत्र गोड्या पाण्यानं धुतलं नाही तर मीठ त्याला खातं.

काळं पडलेलं जुनं नाणं मात्र घासू नये. समुद्रात चांदीवर सल्फाइडचा थर चढतो, आणि घासण्यानं थराबरोबर छापही जातो. १७१५च्या ताफ्यातली नाणी हातानं तोडलेल्या, ठोकून छापलेल्या चांदीच्या चकत्या आहेत. वाळूत त्या काळ्या खपल्यांसारख्या दिसतात आणि कित्येकांच्या पायाखालून जातात. याच स्पॅनिश अमेरिकेतली चांदी सतराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरतेला उतरत होती आणि तिथल्या मुघल टांकसाळीत वितळून तिचे रुपये पडत होते.

सापडलं ते कोणाचं? फ्लोरिडात भरतीरेषेच्या वरच्या सार्वजनिक किनाऱ्यांवर बऱ्याच ठिकाणी शोधायला मोकळीक आहे, पण नियम गावागणिक बदलतात. राष्ट्रीय उद्यानांच्या किनाऱ्यांवर डिटेक्टर चालत नाही. जहाजं बुडाली त्या पाण्यातले हक्क न्यायालयानं ठरवून दिलेले आहेत, आणि तिथून निघालेल्या मालातला वाटा राज्याच्या संग्रहासाठी राखला जातो. २०१५मध्ये कंत्राटावर काम करणाऱ्या एका गटाला तिथं १०१ सोन्याची नाणी मिळाली. नोंद झाली ५१ नाण्यांची. उरलेली दडवली गेली. २०२४मध्ये त्यांतली ३७ पोलिसी तपासात परत मिळाली आणि त्यांची किंमत दहा लाख डॉलरहून अधिक भरली. पैशापेक्षा मोठं नुकसान नोंदीचं: कोणतं नाणं समुद्रतळाच्या कुठल्या बिंदूवर, कशाशेजारी होतं हे कळलं तर जहाज कसं फुटलं ते सांगता येतं.

ब्रिटननं यातून चांगली वाट काढली आहे. १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार इंग्लंड-वेल्समध्ये खजिन्यात मोडणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवावी लागते. त्याशिवाय १९९७पासून हौशी मंडळींनी स्वतःहून आणलेल्या साध्यासुध्या वस्तूंचीही जागेसह नोंद ठेवणारी यंत्रणा उभी आहे. बुडालेल्या जहाजाचं काही मिळालं तर ते २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला कळवायचं.

भारतातला कायदा त्याहून कितीतरी जुना आहे, आणि कोकणात किंवा गोव्यात डिटेक्टर घेऊन उतरण्याआधी तो माहीत हवाच. १८७८च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्टप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर काय मिळालं, किती किमतीचं, कुठं आणि कोणत्या तारखेला हे लेखी कलेक्टरना कळवावं लागतं. वस्तू जवळच्या सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा हजर करण्याची हमी द्यायची. मालक पुढे आला नाही, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश अशी वाटणी कायद्यातच आहे. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि सिंधुदुर्ग किंवा कुलाब्यासारख्या संरक्षित जलदुर्गांच्या परिसरात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे.

सुरुवात करणाऱ्याच्या हाताला पहिल्या मोसमात लागेल ते बहुतेक कालपरवाचंच असेल, आणि त्यात एखाद्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाची अंगठी असेल. कॅनडातल्या व्हँकूवरहून सुरू झालेल्या ‘द रिंग फाइंडर्स’ या उपक्रमात वेगवेगळ्या देशांतले डिटेक्टरधारक नावं नोंदवतात. ज्याची अंगठी पाण्यात गेली तो जवळच्या माणसाला बोलावतो. अशा वेळी लागते ती माहिती साधी असते: अंगठी कधी पडली, तेव्हा पाणी कुठवर होतं, माणूस कमरेएवढ्या पाण्यात होता की गुडघाभर. हरवल्या क्षणी किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा धरून जागा मनात पक्की केली, तर पुढच्या ओहोटीला ती मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते.