उच्चारशिक्षणात हस्तचालनाचे कार्य

परभाषेचा उच्चार शिकणाऱ्याची अडचण पुष्कळदा जिभेची नसून कानाची असते. जो भेद मातृभाषेत अर्थभेदक नाही, तो परभाषेत कानी पडूनही ध्यानी राहत नाही. इंग्रजी आघाताबाबत मराठी भाषकाचे असेच होते. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर येतो. ‘फोटोग्राफर’मधील आघातहीन ‘फो’ तर जवळजवळ ‘फ’ इतका आखूड होतो. मराठी भाषक मात्र तिन्ही ठिकाणी बहुधा एकच ‘फोटो’ उच्चारतो. नियम पाठ करूनही ही सवय सुटत नाही. अशा वेळी आघातयुक्त अक्षरासरशी हात उंचावणे आणि इतरत्र तो खाली आणणे हा उपाय योजला जातो. आघात अक्षरशः अंगवळणी पाडावयाचा, ही त्यामागील कल्पना.

झाग्रेबचे भाषावैज्ञानिक पेतार गुबेरिना (१९१३–२००५) यांच्या ‘व्हर्बोटोनल’ पद्धतीत या कल्पनेस सैद्धांतिक बैठक मिळाली. श्रवणदोष असलेल्यांचे शिक्षण आणि परभाषाशिक्षण या दोन्ही क्षेत्रांत ती वापरली गेली. लय, सूर आणि ताण यांचा अनुभव सर्व शरीर घेते, हे तिचे गृहीतक होय. म्हणून ताणयुक्त ध्वनीबरोबर स्नायू ताणावयाचे व शिथिल ध्वनीबरोबर ते सैल सोडावयाचे.

भारतीय अभ्यासकास यात काही अपूर्व वाटू नये. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे पाठक आजही हाताने स्वर दाखवितात. पाणिनीय शिक्षेत अनुदात्ताचे स्थान हृदयाशी, उदात्ताचे मस्तकाशी व स्वरिताचे कर्णमूलाशी सांगितले आहे. आणि तीच शिक्षा मान डोलावणाऱ्याची गणना अधम पाठकांत करते! हा विरोध वरवरचा आहे. ध्वनीशी नेमका संबंध असलेली हालचाल ग्राह्य, निव्वळ अंगविक्षेप त्याज्य, असाच त्याचा अर्थ घेणे युक्त ठरते.

तथापि नेमकी हालचालही सर्वत्र उपकारक ठरते असे नाही. कॅटलान भाषकांना चिनी भाषेतील सूर शिकविताना हाताने सुराचा चढउतार दाखविल्याचा लाभ झाला, असे बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१९ साली दाखविले. उलट, इंग्रजी भाषकांना जपानी ऱ्हस्व-दीर्घ स्वर शिकविताना ओठांची हालचाल दिसणे उपयोगी पडले, पण हातांच्या खुणांनी त्यात भर पडली नाही, असे हिराता व केली यांना २०१० मध्ये आढळले. इंग्रजी आघातात सूर आणि कालमान दोन्ही असतात. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याचा हात आडवा लांबविण्यापेक्षा तो उंचावण्यास लावणे अधिक सयुक्तिक दिसते. दातांमध्ये जिभेचे टोक ठेवून काढावयाच्या इंग्रजी घर्षक ध्वनींसाठी मात्र हातापेक्षा आरसाच बरा.