धानाच्या बांधीचा उतार : एक नळी, दोन काठ्या

रुआबांधा ही आज भिलाईची नागरी वस्ती असली, तरी भोवतालचा दुर्ग जिल्हा धानाचाच आहे. येथील जमीन डोळ्यांना सपाट भासते. परंतु उंचवट्यावरून खोलगटाकडे जाताना भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी माती बदलत जाते. या क्रमातच उतार नोंदलेला आहे. (कन्हार हे नाव गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातही परिचित आहे.)

डोळ्यांना न दिसणारा हा उतार मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. बारा-पंधरा मीटर लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरावी. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. जमिनीपासून सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या १० मीटर अंतरावर उभ्या धरून नळीची टोके त्यांना लावावीत. पाणी स्थिरावले की वाचन घ्यावे. वरच्या काठीवर ८२ आणि खालच्या काठीवर ९७ आले, तर १० मीटरमध्ये १५ सेंटिमीटर, म्हणजे १.५ टक्के उतार. टेप जमिनीलगत ताणला तरी चालतो. उतार १० टक्के असला, तरी १०० मीटरमागे फरक अर्ध्या मीटरचाच पडतो.

खरा उपयोग पुढे आहे. हाच उतार असलेल्या ३० मीटर लांब बांधीच्या दोन टोकांत ४५ सेंटिमीटरचा फरक असतो. वर ५ सेंटिमीटर पाणी राखावयाचे, तर खाली ५० सेंटिमीटर साचेल आणि रोप बुडेल. संपूर्ण बांधी एकाच पातळीत आणावयाची झाल्यास वरच्या कडेला सुमारे २२ सेंटिमीटर माती कापावी लागते. म्हणजे सुपीक थरच जातो. त्याऐवजी उताराला आडवे धुरे घालून ६ मीटर रुंदीच्या पाच बांध्या केल्यास प्रत्येकीत फरक ९ सेंटिमीटर उरतो आणि कापणी साडेचार सेंटिमीटरवर भागते. धुऱ्यांत थोडी जागा जाते, नांगराचे वळणही वाढते. तरीही हलक्या मटासीत मी हाच मार्ग सुचवीन.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला यात रस का, हे धानाच्या दोन किडींवरून कळेल. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत राहतात. प्रादुर्भाव दिसताच पाणी काढून शेत ३-४ दिवस कोरडे ठेवण्याची शिफारस आहे. परंतु मधोमध खोलगा राहिला, तर पाणी निघतच नाही आणि नेमक्या त्याच जागी किडीला आसरा मिळतो. सुरळीतील अळी पानाचा तुकडा गुंडाळून त्यात राहते आणि ही सुरळी पाण्यावर तरंगते. पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यात पाडाव्यात, मग सर्वांत खालच्या कोपऱ्यातील धुरा फोडून तोंडाशी बारीक जाळी लावावी. जमलेल्या सुरळ्या गोळा करून नष्ट कराव्यात. तो कोपरा कोणता, हे नळीने रोवणीपूर्वीच दाखविलेले असते. तेथे खुंटी ठोकून ठेवावी.