रंग आणि पाणी : बंदुकांच्या पृष्ठकठिनीकरणाविषयी

मोत्याचे पाणी म्हणजे त्याचे तेज. तलवारीचे पाणी म्हणजे तिच्या पोलादाचा कस. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. जुन्या अमेरिकन बंदुकांच्या संदर्भात मात्र तेज आणि कस यांचा वेगवेगळा विचार करणे अगत्याचे ठरते. कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या प्रसिद्ध रिव्हॉल्वरच्या चौकटीवर निळ्या, पिवळसर, तपकिरी व करड्या छटांची जी ढगाळ नक्षी दिसते, ती वरून दिलेला रंग नव्हे. कठिनीकरणाच्या क्रियेतच उमटलेली ती खूण होय.

ही क्रिया थोडक्यात अशी : ज्या लोखंडात कार्बन अत्यल्प असतो, ते नुसते तापवून पाण्यात विझविल्याने फारसे कठीण होत नाही. म्हणून घडविलेला भाग हाडांच्या व लाकडाच्या कोळशाच्या चुऱ्यात पुरून, पेटी बंद करून, ७२७ अंश सेल्सियसच्या वर काही तास तापवितात. कोळशातील कार्बन पृष्ठभागात शिरतो. मग पेटीतील सारे हवा खेळविलेल्या थंड पाण्यात एकदम ओततात. त्यायोगे बाहेर पातळ पण कठीण कवच तयार होते आणि गाभा चिवट राहतो. रंगांचे कारण निराळे आहे. विझताना पृष्ठावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. त्याच्या वरच्या व खालच्या बाजूंवरून परतणाऱ्या प्रकाशाचे व्यतिकरण होऊन साबणाच्या फुग्यावरील रंगांसारखे रंग दिसतात.

कवच आणि रंग यांचा जन्म एकत्र होत असला, तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते. हाताळणीने व उन्हाने रंग विटतो, कवच टिकते. उलटपक्षी, ज्योतीने किंवा रसायनांनी मऊ लोखंडावरही तशी नक्षी उठविता येते. म्हणून करड्या पडलेल्या जुन्या चौकटीवरून कानस घसरावी आणि नव्या रंगीत चौकटीत ती रुतावी, असेही घडते.

जुन्या शस्त्राला नवी झिलई देऊ पाहणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट होय. घासण्याने कोरलेली अक्षरे व कडा बोथट होतात. पुन्हा तापवून विझविल्यास भाग वाकण्याचा संभव असतो. शिवाय कारखान्याच्या मूळ कामाचा पुरावा कायमचा पुसला जातो.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील १९०३ च्या नमुन्याच्या रायफलींत स्फोटाचा दाब सोसणारा मुख्य भाग पृष्ठकठिनीकरणाने तयार होई. त्याचे तापमान कारागीर तप्त लोखंडाचा रंग पाहून ठरवीत. लख्ख उजेडात तीच लाली फिकी भासे आणि लोखंड प्रमाणाबाहेर तापे. असे काही भाग ठिसूळ होऊन फुटल्यावर १९१७ मध्ये चौकशी झाली. १९१८ मध्ये दुहेरी उष्णतासंस्काराची पद्धत आली. त्या शस्त्रागारातील ८,००,००० च्या खालील क्रमांकांच्या रायफली तेव्हापासून संशयास्पद मानल्या जातात. बाह्यतः त्यांतील सदोष व निर्दोष भाग सारखेच दिसतात.

तात्पर्य, भट्टीतील लाली असो वा चौकटीवरील नक्षी, रंग ही केवळ खूण आहे. ती ज्या क्रियेतून उमटली, ती क्रिया तपासल्यावाचून तिच्यावरून पाण्याचा निर्णय करता येत नाही.