नसलेल्या बाळाची आया

नमुन्याचे एक पत्र घेऊ. ते लंडनहून आलेले असते. नवरा हृदयरोगतज्ज्ञ, बायको वकील, तीन वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा. सोबत फोटो असतो. हिरवळीवर बसलेली मुलगी, मांडीवर बाळ, मागे विटांचे घर. काम आठवड्यातले पाच दिवस, पगार आठवड्याला सहाशे पौंड, स्वतंत्र खोली, जेवणखाण घरचेच, तिकीट आणि व्हिसाचा खर्च कुटुंबाकडे. तुमच्याविषयी वाचले आणि आमची मुले तुमच्याजवळ सुखात राहतील असे वाटले, असे आई लिहिते. फोटोतली मुले खरी असतात. फक्त ती तिसऱ्याच कोणाची असतात आणि त्यांच्या आईबापांना याचा पत्ता नसतो. बाकी डॉक्टर, वकीलबाई, घर, नोकरी यांपैकी काहीही या जगात नाही.

परदेशी नोकरीच्या नावाने फसवण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. पण एखाद्याच्या घरी राहून मूल सांभाळण्याच्या नोकरीइतकी सोयीची जागा भामट्यांना क्वचितच मिळाली असेल. परिचारिकेला किंवा वेल्डरला नोकरी देणारा म्हणजे रुग्णालय किंवा कंपनी. त्यांना कचेरी असते, नोंदणी असते, चौकशीला दूरध्वनी असतो. इथे नोकरी देणारे एक घर आहे. घराला लेटरहेड नसते आणि आई स्वतःच्या साध्या ईमेलवरूनच लिहिणार. इतर नोकरीत जे खटकले असते ते इथे स्वाभाविक वाटते. शिवाय परीक्षा बाईची चाललेली असते. आपण विश्वासू आहोत हे पटवण्यासाठी ती दाखले, फोटो, पोलीस पडताळणीचा कागद, जुन्या मालकिणीचे पत्र असे सगळे धाडते. समोरच्या कुटुंबालाही असेच दाखले मागावेत, हे त्या गडबडीत सुचत नाही.

या पत्रांतली सर्वांत मोठी खूण पगाराच्या आकड्यात नाही, न विचारलेल्या प्रश्नांत आहे. आपले आठ महिन्यांचे मूल अनोळखी हातात देणारी आई काय विचारेल? ताप चढला तर तुम्ही काय कराल, रात्री मूल रडत उठले तर, आमच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही तर स्वयंपाक कसा सांभाळाल, आधीच्या घरच्या बाईंशी मी बोलू का. व्हिडिओ कॉलवर ती मुलीला समोर बसवील आणि ती तुमच्याकडे बघून हसते का, हे पाहील. खोट्या पत्रातली आई मुलांविषयी काही विचारत नाही. ती पासपोर्टविषयी विचारते. कॉलचे म्हणावे तर कॅमेरा बिघडलेला असतो, डॉक्टरसाहेब शस्त्रक्रियेत असतात.

पैशाचे नाव आधी निघत नाही. चार पत्रे होतात, करार येतो, त्यावर शिक्का आणि सही असते. मग तिसरे पात्र प्रवेश करते. कधी इमिग्रेशन वकील, कधी ट्रॅव्हल एजन्सी, कधी चक्क ‘ब्रिटिश उच्चायुक्तालय’. ब्रिटिश सरकारचा अधिकृत पत्ता ‘जीओव्ही डॉट यूके’ या अक्षरांवर संपतो. खोट्या पत्त्यात हीच अक्षरे मध्येच कुठे तरी पेरलेली असतात आणि शेवट ‘डॉट कॉम’ने होतो. आता फाइलचा खर्च, विमा, वैद्यकीय दाखला अशी एकेक रक्कम निघू लागते. पहिली रक्कम मुद्दाम लहान असते. ती भरली की पुढची भरण्याचे कारण आपोआप तयार होते, कारण थांबलो तर आधीचे गेले.

‘बेसिक ट्रॅव्हल अलाउन्स’ ही यातली गाजलेली मागणी. विमानतळावर उतरताना तुमच्याकडे अमुक इतके पौंड असल्याचे दाखवावे लागते, अर्धे आम्ही घालतो, अर्धे तुम्ही पाठवा, उतरल्यावर सगळे परत, असे सांगतात. थाप निव्वळ हवेतली नाही, म्हणूनच ती चालते. ब्रिटनने पदवीधर भारतीय तरुणांसाठी २०२३ मध्ये ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना सुरू केली. तिच्यात २,५३० पौंडांची शिल्लक खरोखरच दाखवावी लागते. पण ती अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात असावी लागते आणि तिथेच राहते. शिल्लक दाखवण्यासाठी ती कोणाला पाठवून द्यावी लागत असेल, तर ती शिल्लक उरलीच कुठे?

याहून चलाख एक डाव युरोपात खेळला जातो. परदेशी घर भाड्याने देण्याच्या फसवणुकीतही तो दिसतो. पैसे आम्हाला नकोतच, असे समोरचा म्हणतो. तुमच्याच बहिणीच्या नावाने मनी ट्रान्सफर करा आणि ऐपतीचा पुरावा म्हणून फक्त पावतीचा फोटो धाडा. बाईला वाटते, पैसे घरातच राहिले. पावतीवरचा क्रमांक आणि बहिणीच्या नावाचे बनावट ओळखपत्र घेऊन तिसराच माणूस ते उचलून नेतो.

अमेरिकेत प्रवाह उलटा वाहतो. तिथे कुटुंबच आधी चेक पाठवते. आम्ही तुमच्या शहरात राहायला येतोय, मुलासाठी चाकांची खुर्ची घेऊन ठेवा, तुमचा पहिला आठवडा कापून उरलेले विक्रेत्याला पाठवा. तिथल्या कायद्यानुसार बँकेला चेकची रक्कम थोड्याच दिवसांत वापरायला द्यावी लागते, मात्र चेक खोटा निघाल्याचे कळायला आठवडेही लागतात. तोवर ‘विक्रेता’ गायब होतो आणि बँक ती रक्कम नॅनीकडून वसूल करते.

भारतातून मात्र एक गमतीची अडचण येते. वेस्टर्न युनियनसारख्या सेवांना रिझर्व्ह बँकेने फक्त बाहेरून भारतात पैसे आणायची परवानगी दिली आहे, इथून तशा मार्गाने बाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून लंडनच्या डॉक्टरांचे वकील पैसे रुपयांत मागतात, यूपीआयने किंवा भलत्याच राज्यातल्या कोणाच्या तरी बचत खात्यात. ती बहुधा कमिशनवर घेतलेली भाड्याची खाती असतात. ब्रिटनच्या व्हिसाची फी अर्जदार सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरतो. कुठलीही वकिलात ती एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात घेत नाही.

पत्रातल्या चुकीच्या इंग्रजीवरून फसवणूक ओळखावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो आता निरुपयोगी वाटतो. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉरमॅक हर्ली यांनी २०१२ च्या एका निबंधात प्रश्न विचारला होता की, नायजेरियन भामटे आपण नायजेरियाचे असल्याचे सांगतात तरी का? त्यांचे उत्तर असे की, पत्र मुद्दाम अविश्वसनीय ठेवले की शंकेखोर माणसे पहिल्याच पायरीवर गळतात आणि पुढची मेहनत फक्त भोळ्यांवर करावी लागते. म्हणजे चुका हीच चाळणी होती. आज यंत्र कोणालाही सुरेख इंग्रजी लिहून देते, त्यामुळे चुका नसल्या तरी काही सिद्ध होत नाही.

म्हणून पत्राकडे न पाहता दाराकडे पाहावे. प्रत्येक देशाने मूल सांभाळायला येणाऱ्या परक्या बाईसाठी एखादेच अरुंद दार ठेवलेले असते, काहींनी तर तेही लावून घेतले आहे. पत्रातली गोष्ट त्या दारातून आत जाते का, एवढे तपासले तरी बहुतेक पत्रे उंबऱ्यावरच अडतात.

ब्रिटनचेच पाहा. घरात राहून मूल सांभाळायचे, घरच्यासारखे राहायचे आणि खर्चायला थोडे पैसे घ्यायचे, या पद्धतीला युरोपात ओ-पेअर म्हणतात. ओ-पेअरसाठीची वेगळी व्हिसावर्गवारी ब्रिटनने २००८ मध्येच मोडीत काढली. घरकामगारांचा व्हिसा आहे, पण बाईने त्या मालकाकडे परदेशात आधीच निदान एक वर्ष काम केलेले असावे लागते, ती त्या कुटुंबासोबत येते आणि सहा महिन्यांत परतते. न भेटलेल्या कुटुंबाने नेटवर आया निवडून तिला पुण्याहून बोलवायचे, हे या व्हिसात बसतच नाही. ‘यंग प्रोफेशनल्स’ची निवड सोडतीने होते, ती कुठल्याही कुटुंबाला मिळवून देता येत नाही. लंडनच्या डॉक्टरांचे पत्र इथेच संपते, मग शिक्का कितीही ठसठशीत असो.

कुटुंबाबरोबर जाणारी आया हे चित्र आपल्याला जुने आहे. इंग्रज अमदानीत मुंबई-कलकत्त्याहून मायदेशी निघालेल्या मडमा बोटीवर मुले सांभाळायला आया नेत. परतीच्या तिकिटाचे वचन बहुधा तोंडी असे आणि लंडनला पोचल्यावर कित्येकींना वाऱ्यावर सोडले जाई. एका आयेच्या हातावर पौंड ठेवून तिला किंग्ज क्रॉस स्थानकावर सोडल्याचे १९०८ चे प्रकरण नोंदलेले आहे. अशा बायकांसाठी पूर्व लंडनमध्ये ‘आयाज होम’ चालवले गेले. हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर १९०० पासून ते होते आणि तिथल्या २६ क्रमांकाच्या घरावर २०२२ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. त्या बायकांना नोकरी खरी मिळाली होती, करार मिळाला नव्हता. आजच्या बाईला करार मिळतो.

जर्मनीचे दार मात्र उघडे आहे आणि महाराष्ट्रातून तिकडे ओ-पेअर म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुलीही आहेत. म्हणून तिथले नियम नीट पाहावेत. वय १८ पूर्ण आणि अर्ज करताना २७ च्या आत. जर्मन भाषेची ए-वन पातळी हवी, तिची परीक्षा मुंबई-पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास. हातखर्चाला महिना २८० युरो, विमा कुटुंबाने काढायचा, भाषावर्गाच्या खर्चाला थोडा हातभार लावायचा. मुक्काम फार तर एक वर्ष. घरात जर्मन बोलली जायला हवी. यजमान आईबाप मूळचे तुमच्याच देशातले असतील, तर हे चालत नाही. म्हणजे फ्रँकफर्टच्या मराठी कुटुंबाला मराठी मुलगी हवी आहे, पगार दोन हजार युरो, जर्मन येत नसले तरी चालेल, अशी ऑफर आली तर त्यातली एकही गोष्ट जुळत नाही. खरी ऑफर कंजूष असते, हे या क्षेत्राचे चमत्कारिक वैशिष्ट्य आहे. २८० युरोंत कोणी श्रीमंत होत नाही आणि तसा दावाही कोणी करत नाही.

बाकीची दारे भराभर पाहू. नेदरलँड्समध्ये सरकारमान्य ओ-पेअर संस्थेशिवाय जाता येत नाही. अमेरिकेतही परराष्ट्र खात्याने नेमलेल्या संस्थांमार्फतच जे-वन व्हिसा मिळतो, वय १८ ते २६. एकटे कुटुंब तो देऊ शकत नाही. नॉर्वेने १५ मार्च २०२४ पासून ओ-पेअर योजनाच बंद केली. कॅनडाचा ‘लिव्ह-इन केअरगिव्हर’ कार्यक्रम नव्या अर्जदारांसाठी २०१४ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाला, तरी त्याच्या नावाने आजही फी मागितली जाते. इस्रायल परदेशी काळजीवाहूंना वृद्ध आणि अपंगांसाठी परवाने देतो, मुलांसाठी नाही. सिंगापूरला जाणाऱ्या बाईचे वय २३ ते ५० लागते. हाँगकाँगमध्ये ठरावीक छापील करारच चालतो आणि तिथल्या एजन्सीला पहिल्या महिन्याच्या पगाराच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

आखाताची गोष्ट निराळी आहे. तिथे नोकरी बहुधा असते, खोटी असते ती जाण्याची वाट. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ,’ हे एजंटचे ठरलेले वाक्य. दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर ईसीआर नोंद असते. अशा पासपोर्टवर आखातासह १८ देशांत नोकरीला जायचे तर सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागते आणि बाईचे वय ३० पूर्ण असावे लागते. व्हिजिट व्हिसा ही मंजुरी चुकवण्याची पळवाट आहे. त्या वाटेने गेलेल्या बाईचा करार कुठेच नोंदलेला नसतो, मग पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला किंवा पगार थकवला तर दाद मागायला हातात कागद नसतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार भरती करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते आणि त्यांनी उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. स्टेशनबाहेरच्या गाळ्यातली ‘कन्सल्टन्सी’ त्या यादीत सहसा सापडत नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात एमिग्रेशन मंजुरीची सरकारी कचेरी आहे, १८००-११-३०९० या निःशुल्क क्रमांकावरही विचारता येते.

पैसे गेलेच तर पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी मदतक्रमांकावर लगेच फोन केला तर रक्कम भाड्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. पासपोर्टची प्रत, फोटो आणि सही भामट्यांकडे राहतेच. त्या तक्रारीत तेही लिहावे, कारण पुढच्या बाईला पाठवलेल्या पत्रात ‘आमची आधीची आया’ म्हणून तोच पासपोर्ट वापरता येतो. आणि काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. या वेळी बोलणारा लंडन पोलिसांचा किंवा इंटरपोलचा अधिकारी असतो. डॉक्टर पकडला गेला आहे, तुमची रक्कम परत मिळणार आहे, फक्त सुटकेच्या प्रक्रियेचे साडेचार हजार रुपये भरायचे आहेत. खाते पुन्हा कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातले असते.