हिवतापावर लोहबंधक औषध : प्रयोगशाळेतून रुग्णशय्येपर्यंत

थॅलॅसीमियाच्या बालरुग्णांचे पालक डेस्फेरिऑक्झामीन हे औषध चांगले ओळखतात. वारंवार रक्त भरल्याने शरीरात साठणारे जादा लोह ते बांधून बाहेर काढते. हेच औषध हिवतापावरही अजमावले गेले होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसेल. ‘प्रयोगशाळेत औषध सापडले, मग ते रुग्णास का मिळत नाही?’ असे नातेवाईक व देणगीदार आम्हांस नेहमी विचारतात. म्हणून ही हकीकत. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा असल्याने शास्त्रीय परिभाषा बेताचीच आहे.

हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरून वाढतो व त्यासाठी त्याला लोह लागते. ते बांधून ठेवल्यास त्याची वाढ खुंटावी, हा मूळ तर्क. १९७६ साली ट्रेगर व जेन्सन यांनी हा परजीवी प्रयोगशाळेत मानवी रक्तपेशींत सतत वाढविण्याची रीत सिद्ध केली आणि असे तर्क तपासणे सुकर झाले. प्लॅस्टिकच्या तबकडीतील ९६ लहान खळग्यांत परजीवीयुक्त रक्त घालून त्यांत संयुगाच्या कमीअधिक मात्रा मिसळतात. दोनतीन दिवसांनी वाढ मोजून, ती निम्म्यावर आणणारी मात्रा नोंदवितात. नंतर तेच संयुग मानवी पेशींवर तपासतात, कारण लोह आपल्या पेशींनाही हवेच असते. या दोन मात्रांत पुरेसे अंतर नसेल तर संयुग बाद होते. जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहावी लागते, तसेच हे.

डेस्फेरिऑक्झामीनने परजीवीची वाढ रोखल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे झांबियात मेंदूच्या हिवतापाने बेशुद्ध झालेल्या ८३ मुलांवर क्विनाइनसोबत त्याची चाचणी झाली. १९९२ च्या अहवालानुसार, हे औषध मिळालेली गाढ बेशुद्धीतील मुले लवकर शुद्धीवर आली. साहजिकच आशा उंचावल्या.

तेथेच, ३५२ मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९८ मध्ये आला. औषध मिळालेल्या गटात १८.३ टक्के, तर न मिळालेल्या गटात १०.७ टक्के मुले दगावली. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे संख्याशास्त्र सांगते. परंतु मृत्यू कमी झाले नाहीत, एवढे निश्चित. पहिल्या अहवालावर विसंबून हे औषध सर्रास वापरले गेले असते तर काय झाले असते, याचा विचार अस्वस्थ करतो.

परजीवीत अधिक सहज शिरणाऱ्या अन्य लोहबंधक संयुगांची छाननी पुढेही होत राहिली. डेस्फेरिऑक्झामीन मात्र हिवतापाच्या उपचारात आले नाही. थॅलॅसीमियाच्या रुग्णांना ते आजही दिले जाते.